मंद प्रकाश, वेगवान संदेश



घरी फायबरचं इंटरनेट असेल,
तर संदेश तुमच्यापर्यंत प्रकाशातून येतो.
तो टिपतो फोटोडायोड.
त्यातून निघणारा प्रवाह मात्र फार क्षीण असतो.
त्याला मोठं करतो अ‍ॅम्प्लिफायर.

इथेच खरी ओढाताण आहे.
संदेश जास्त मोठा हवा, तर मोठा रेझिस्टर लावावा लागतो.
रेझिस्टर वाढवला, की वेग घटतो.
ऑप-अ‍ॅम्प या अ‍ॅम्प्लिफायरच्या नेहमीच्या मांडणीत रेझिस्टर चौपट केला,
तर बँडविड्थ, म्हणजे वेगाची मर्यादा, साधारण निम्मी होते.

याचं मोठं कारण, फोटोडायोडची धारकता, म्हणजे कपॅसिटन्स.
पसरट भांड्यात बारीक धार सोडली,
तर पाणी सावकाश चढतं.
इथे व्होल्टेज तसंच सावकाश चढतं.
म्हणून, श्रोतेहो, धारकता कमी, तर वेग जास्त.

ती कमी कशी करायची?
शक्य असेल, तर लहान फोटोडायोड घ्यावा.
त्याला उलट दिशेनं व्होल्टेज द्यावं.
धारकता उतरते.
मात्र अंधारातही झिरपणारा प्रवाह थोडा वाढतो.

आणि फोटोडायोड मोठाच लागला, तर?
तर बूटस्ट्रॅप. मला ही युक्ती फार सुंदर वाटते.
डायोडचं एक टोक जसं हलेल,
तसंच दुसरं टोक एका ट्रान्झिस्टरनं हलवायचं.
दोन्ही टोकांतला फरक जवळजवळ बदलतच नाही.
धारकता जागेवरच असते,
पण सर्किटला ती फारशी जाणवत नाही.
पुन्हा तेच, जाणवणारी धारकता कमी, तर वेग जास्त.

हा ट्रान्झिस्टर मात्र कमी नॉइजचा हवा.
नाहीतर त्याची खरखर थेट संदेशात मिसळते.