पाड्यापर्यंत न पोहोचलेली तार
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावर प्राध्यापक, लेखक, डॉक्टर बोलतात. यंदा समितीने माझ्यासारख्या डिप्लोमावाल्या दूरसंचार विभागाच्या माणसाला उभे केले. चूक समितीची, शिक्षा तुम्हाला! विषय मात्र मी स्वतः मागून घेतला : डॉ. अभय करंदीकर आणि त्यांचे संगणक-जाळ्यांवरील काम. हाच विषय का, ते आधी सांगतो.

माझे गाव जव्हार तालुक्यातले. गाव म्हणजे चार-पाच पाडे, मध्ये ओढे आणि टेकड्या. २०११ च्या जुलैत माझी खडगपूरला रात्रपाळी होती. समोर ऑप्टिकल फायबरची यंत्रणा, सगळे दिवे हिरवे. इथून मुंबईपर्यंत कुठल्याही स्टेशनाशी मी क्षणात बोलू शकत होतो. त्याच रात्री तिकडे वडील गेले. मोबाइलला रेंज मिळायची ती एका टेकडीवर, आणि माझा धाकटा भाऊ धो धो पावसात तीनदा ती टेकडी चढला. फोन लागला नाही. मला निरोप मिळाला तो चौदा तासांनी. गीतांजलीने दुसऱ्या दिवशी रात्री कल्याणला उतरलो, तेव्हा सगळे आटोपले होते. भाऊ काही बोलला नाही. आई एवढेच म्हणाली, "तू तर तारेतच काम करतोस ना रे?"

तेव्हापासून शेवटच्या पाच किलोमीटरचा प्रश्न माझ्या डोक्यात बसला आहे. तो ज्यांनी खरोखर हाती घेतला, त्या माणसाविषयी मी मिळेल ते वाचत गेलो.

करंदीकर आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे. इंजिनिअरिंग ग्वाल्हेरच्या माधव इन्स्टिट्यूटमधून, नंतर एम.टेक. आणि १९९४ मध्ये पीएच.डी. आयआयटी कानपूरहून. मधल्या काळात अहमदाबादला इस्रोत वर्षभर नोकरी. पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये अतिवेगवान दळणवळणाच्या गटात १९९७ पर्यंत काम आणि मग आयआयटी मुंबई. काळ लक्षात घ्या. ३१ जुलै १९९५ रोजी आपल्या रायटर्स बिल्डिंगमधून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांना भारतातला पहिला मोबाइल फोन केला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले. म्हणजे देशात जाळे विणले जात होते, तेव्हा हा माणूस त्या विणकामात शिरला.

त्यांच्या संशोधनाचा गाभा आमच्या कंट्रोलरला चटकन कळेल. एका सेक्शनवर राजधानी, लोकल आणि मालगाडी, तिन्ही आहेत. कोणाला आधी सोडायचे? बिनतारी जाळ्यात हाच पेच, आणि वर आणखी एक भानगड. प्रत्येकाचा सिग्नल क्षणोक्षणी चढतो, उतरतो. ज्याचा सिग्नल त्या क्षणी उत्तम, त्याला वेळ दिला तर एकूण माहिती सर्वात जास्त वाहते आणि वीज वाचते. पण मग मनोऱ्यापासून दूरचा माणूस कायम लूप लाइनवर उभा! वीज वाचवायची, तरी कोणाला ठरावीक मर्यादेपलीकडे थांबवायचे नाही, हे गणिताने कसे साधायचे, यावर त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बरेच काम केले. त्यातले गणित मला सगळे समजले असे म्हणणार नाही. प्रश्न मात्र पुरता समजला.

आता गावाकडे येऊ. २०११ च्या ऑक्टोबरात केंद्राने ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे भारतनेट. सुमारे अडीच लाख पंचायती! पण पंचायत म्हणजे पाडा नव्हे. पंचायतीच्या कपाटात फायबर येऊन बसली, तरी आमचा पाडा तिथून दोन ओढे पलीकडे. तिथवर खोदत जाणे परवडत नाही, आणि नेहमीच्या वाय-फायला झाडे-टेकड्या आडव्या येतात.

करंदीकरांच्या गटाने इथे दूरदर्शनकडे पाहिले. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात टीव्हीच्या पंधरा वाहिन्या मावतात. त्यांनी देशभरच्या प्रक्षेपण केंद्रांचा हिशेब मांडला, तेव्हा दिसले की भारतात कुठेही गेलात तरी पंधरापैकी निदान बारा मोकळ्या आहेत. रूळ टाकलेले, गाडीच नाही! या लहरी लांब जातात, झाडीतूनही बऱ्यापैकी निघतात. मूळ मालकाची गाडी नसेल तेव्हा लाइन क्लिअर घेऊन दुसऱ्याने जावे, इतकी साधी कल्पना. पालघर भागात खामलोली परिसरात त्याचा प्रयोग झाला. पुढे 'ग्राम मार्ग' या नावाने पंचवीस गावे जोडली, तिथे विनापरवाना ५.८ गिगाहर्ट्झचे दुवेही वापरले. २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत या प्रकल्पाला सव्वा लाख डॉलरचे पहिले बक्षीस मिळाले. तिथे प्रकल्पाची बाजू मांडणाऱ्यांत होत्या डॉ. सर्वाणी बॅनर्जी बेलूर. नाव ऐकून मागच्या रांगेतल्या बाबूमोशायांचे चेहरे खुललेले दिसतात!

आमचे गाव त्या पंचवीसांत नव्हते. टीव्हीचा तो मोकळा पट्टाही अमेरिकेसारखा सर्वांना विनापरवाना खुला झाला नाही, प्रायोगिक परवान्यांवरच गाडी थांबली. मला विचाराल तर हे वाईट झाले. मोकळी लाइन गंजत ठेवण्यात कोणाचे भले?

त्यांनी मात्र दुसरी बाजू धरली. जाळ्याचे नियम जिथे ठरतात त्या खोलीत जाऊन बसायचे. २०१४ च्या सुमारास टीएसडीएसआय ही आपली दूरसंचार मानक संस्था उभी राहिली, तिच्यात ते सुरुवातीपासून होते आणि पुढे अध्यक्षही झाले. फाइव्ह-जीची उद्दिष्टे पाहा. ताशी ५०० किलोमीटर धावणाऱ्या गाडीतही संपर्क हवा. आमची वंदे भारतही एवढी पळत नाही! ग्रामीण चाचणीत दोन मनोऱ्यांमधले अंतर पावणेदोन किलोमीटरच्या आत धरलेले. आपल्याकडे माणूस पायी नाहीतर सायकलवर, पण मनोरे लांब लांब. म्हणून सहा किलोमीटर अंतराची, कमी वेगाची चाचणी हवी, असा भारताने आग्रह धरला आणि २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ती मान्य केली. कागदावर ही एक ओळ आहे. पण उपकरण बनवणाऱ्याला त्या ओळीमुळे आमच्या पाड्याचा विचार करावा लागतो.

२०१६ मध्ये आयईईईचे मानकांसाठीचे पदक, २०१८ ते २०२३ आयआयटी कानपूरचे संचालकपद, २०२३ च्या ऑक्टोबरात केंद्रीय विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे सचिवपद, ही पुढची स्टेशने मी थ्रू घेतो.

रेल्वेलाही २०२१ मध्ये ७०० मेगाहर्ट्झमध्ये पाच मेगाहर्ट्झचा पट्टा मंजूर झाला, गाड्यांच्या सुरक्षेसाठी. कमी वारंवारता, लांब पल्ला, तेच तत्त्व. त्याचे वर्ग सुरू झाले तेव्हा तरुण पोरांमध्ये बसून मी पुन्हा वही काढली. शेजारचा म्हणाला, "दादा, डिप्लोमाला एवढं कशाला?" मी म्हटले, "माझ्या आईने एक प्रश्न विचारलाय, त्याचं उत्तर अजून द्यायचंय."

गावात आता मनोरा आला आहे. आमच्या पाड्यावर अंगणात रेंज येते, घरात येत नाही. आई रोज संध्याकाळी सात वाजता अंगणात खुर्ची टाकून बसते. आता पावणेसात झालेत, तेव्हा प्रश्न असतील तर आरतीनंतर विचारा. मला जरा बाहेर जाऊन फोन लावू द्या.