कांद्याची पट्टी कुणाच्या नावाची?



कांद्याच्या लावणीला आणि काटणीला रानात वाकलेल्या दिसतात त्या बायाच. भाव का पडला म्हणून विचारलं तर उत्तर मिळतं, "बाजार आहे तो, त्याला कोण काय करणार?" पण बाजाराला करणारे असतात.

2023 सालचं बघा. शहरात कांदा महागू नये म्हणून केंद्र सरकारनं ऑगस्टमध्ये परदेशी जाणाऱ्या कांद्यावर 40 टक्के कर बसवला. 8 डिसेंबरला निर्यातच बंद केली. नेमक्या त्याच दिवसांत सोलापूरच्या मार्केट यार्डात लाल कांद्याच्या गाड्यांची रांग लागते. बांगलादेश, श्रीलंका, मलेशिया, दुबईला जाणारा माल देशातच अडला आणि भाव कोसळले. मे 2024 मध्ये बंदी उठली. कर मात्र राहिला. तो पूर्ण गेला 1 एप्रिल 2025 ला. तोवर लाल कांद्याचे दोन हंगाम निघून गेले होते.

यात थांबणं कुणाला परवडतं? उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो, पण चाळ बांधायला पैसा लागतो. लाल कांदा तर टिकतच नाही. परदेशातला व्यापारी दुसऱ्या देशाचा माल मागवतो. आपल्या गटाचा हप्ता काही थांबत नाही, आणि भाव पडला की पहिली कात्री बसते ती काटणीच्या मजुरीला.

सगळा दोष बंदीचा, असंही नाही हं. फेब्रुवारी 2023 मध्ये निर्यात चालूच होती. तरी आपल्या जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला 512 किलो कांद्याचे, हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता, हाती दोन रुपये आले. देशभर गाजली ती बातमी. मग राज्य सरकारनं क्विंटलला 350 रुपये अनुदान जाहीर केलं, 200 क्विंटलपर्यंत. त्यासाठी विक्रीची पट्टी हवी आणि सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. पट्टी कुणाच्या नावाची? सातबारा कुणाचा? लावणी कुणी केली, हे कुणी विचारलं नाही.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती. 1992 मध्ये सरकारनंही तसा निर्णय काढला. नवऱ्यानं तलाठ्याकडे अर्ज दिला की बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लागतं. येत्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की आपल्या गटात असं नाव किती जणींचं आहे, तेवढं मोजून बघा.