शिखरजीच्या वंदनेची पूर्वतयारी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त जवळा बाजार येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



तीर्थराज श्री सम्मेदशिखरजीचे नाव घेताच श्रावकाचे हात आपोआप जोडले जातात. चोवीसपैकी वीस तीर्थंकर याच पर्वतावरून मोक्षास गेले. आयुष्यात एकदा तरी तेथील वंदना घडावी, ही इच्छा घराघरांत असते. मात्र ती बहुधा संसाराच्या जबाबदाऱ्या आटोपल्यावर, म्हणजे गुडघे कुरकुरू लागल्यावर पूर्ण करावयाची असते! तिकिटे काढली जातात, पूजेचे द्रव्य निवडून बांधले जाते, श्रीफळे मोजली जातात. पायांची तयारी तेवढी कोणाच्या यादीत नसते. भाव असला की पाय चालतात, असे म्हणून विषय संपविला जातो. भाव हवाच, परंतु ज्या देहाच्या आधारे वंदना करावयाची, त्याची हेळसांड करण्यास धर्माने कोठेही सांगितलेले नाही.

झारखंडमधील गिरिडीह जिल्ह्यातील हा पारसनाथ पर्वत समुद्रसपाटीपासून 1365 मीटर, म्हणजे सुमारे 4480 फूट उंच आहे. आपले कळसूबाई शिखर 1646 मीटर आहे. तेव्हा उंचीचे भय नको. एवढ्या उंचीवर विरळ हवेचा त्रास होत नाही. कस लागतो तो अंतराचा. मधुबनपासून 9 किलोमीटर चढ, वर टोंकांची 9 किलोमीटर परिक्रमा आणि 9 किलोमीटर उतार, अशी 27 किलोमीटरची वाटचाल एका दिवसात, पुष्कळदा अनवाणी पायांनी करावयाची असते. जवळा बाजारचा माणूस सपाट काळ्या रानात वाढलेला. त्यातून व्यापारी असला तर दिवसभर गादीवर बसलेला.

म्हणून तीन महिने आधीपासून चालणे सुरू करावे. आरंभी रोज तीन किलोमीटर, नंतर हळूहळू वाढ. शेवटच्या महिन्यात आठवड्यातून एकदा पंधरा किलोमीटर तरी व्हावेत. शिरड शहापूरच्या श्री मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनास पायी गेल्यास दर्शन आणि सराव दोन्ही साधतात. परंतु सपाटीवर चालून चढाची सवय होत नाही. त्यासाठी जिना आहे. एक मजला दहा फुटांचा धरला तर दोन मजली जिना पंचवीस वेळा चढल्याने 500 फुटांची चढण होते. हा हिशेब कोणासही जमण्यासारखा आहे. तितक्याच वेळा सावकाश उतरावे. कारण चढताना दम लागतो, पण उतरताना शरीराचा भार मांडीचे स्नायू व गुडघे पेलतात. यात्रेकरू अडतात ते बहुधा परतीच्या वाटेवर.

वस्त्रांविषयीही विचार हवा. जाड सुती कपडा घाम शोषतो, लवकर वाळत नाही आणि पहाटेच्या वाऱ्यात अंगाला गार लागतो. एका जाड कपड्याऐवजी दोन पातळ सुती कपडे एकावर एक घालावेत. चढताना वरचा काढता येतो. कोरे वस्त्र मात्र त्या दिवशी प्रथमच नेसू नये. खळीचा कपडा मैलोन् मैल काचतो. तो दोन-चार वेळा धुऊन मऊ केलेला असावा.

वंदनेचा आरंभ रात्री दोन-तीन वाजता होतो. रात्री चारी आहारांचा त्याग असणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. शिखरजी आपल्या पूर्वेस असल्याने डिसेंबरमध्ये तेथे सूर्यास्त आपल्याकडील वेळेच्या सुमारे पाऊण तास आधी होतो. घड्याळ तेच, सूर्य मात्र आधी मावळलेला! आपल्या सवयीने जेवण लांबविले तर उपाशी व तहानलेले चढावे लागते. सूर्यास्त ते सूर्योदय सुमारे तेरा तासांचे अंतर असते. म्हणून आदल्या दिवशी थोडे थोडे पाणी दिवसभर घ्यावे. आगगाडीत आखडलेल्या पायांनी त्याच रात्री चढू नये, मधुबनला एक दिवस विसावा घ्यावा.

मधुमेह असणाऱ्यांची गोष्ट निराळी. औषध चालू आणि पोट रिकामे, या स्थितीत रक्तातील साखर एकाएकी उतरते व अंधाऱ्या वाटेवर भोवळ येते. शिवाय पायांची जाणीव मंदावलेली असल्यास खडा रुतल्याचेही कळत नाही. अशांनी वैद्यकीय तपासणी करून, औषधांच्या वेळा विचारून घ्याव्यात, कापडी बूट वापरावेत आणि व्रतातील सवलतीसंबंधी गुरुजनांची आज्ञा अगोदरच घ्यावी.

राहिला डोलीचा प्रश्न. डोलीत बसल्याने पुण्य कमी होते, अशी कुजबूज असते आणि तिच्या धाकाने कित्येक वृद्ध माता-पिता छातीत कळ येत असतानाही चालत राहतात. या कुजबुजीला आधार नाही. हृदयविकार असलेल्यांनी वैद्यांनी मनाई केल्यास मधुबनच्या मंदिरांतूनच भावपूर्वक वंदना करावी. इतर अशक्तांनी डोली करावी. ती वाहणारे स्थानिक बांधव आहेत. त्यांच्याशी घासाघीस करू नये. मुख्य म्हणजे कोणी चालावे, कोणी डोलीत बसावे आणि कोणी खाली थांबावे, हा निर्णय रात्री दोन वाजता पायथ्याशी, चार माणसांच्या आग्रहात घ्यावयाचा नसतो. घरी, मुले-सुना आणि डॉक्टर यांच्याशी बोलून, तिकिटे काढण्यापूर्वीच तो घ्यावा.