तंबाखूची पारख

सतराव्या शतकाच्या आरंभीं असदबेग नांवाचा मोंगल दरबारचा एक अंमलदार विजापुरास गेला होता. परततांना त्यानें अकबर बादशहासाठीं ज्या वस्तू नेल्या, त्यांत तंबाखू आणि तो ओढण्याची एक सुबक नळी होती. बादशहानें दोनचार झुरके घेतले. परंतु हकिमानें हरकत घेतली व अनोळखी पदार्थ परीक्षा झाल्यावांचून सेवन करूं नये, असें सुचविलें. दक्षिणेंतील तंबाखूच्या पारखीची ही एक जुनी हकीकत होय. आस्वाद घेणारा, त्यास सावध करणारा आणि माल आणून देणारा, असे तिघे तींत दिसतात. पान पिकविणारा मात्र कोठेंच दिसत नाहीं.

कोल्हापूर–मिरज लोहमार्गावरील हातकणंगले, शेजारचा शिरोळ, पलीकडे कागल आणि खालीं थेट निपाणीपर्यंत, या मुलखांत विडीच्या तंबाखूचें पीक पिढ्यान् पिढ्या घेतलें गेलें. जयसिंगपूर व निपाणी या त्याच्या नांवाजलेल्या पेठा. आज हातकणंगल्याच्या पुष्कळ रानांत उसानें जागा घेतली आहे. तरी तंबाखूच्या पानाची परीक्षा कशी होते, हें समजून घेण्यास हा मुलूख फार योग्य आहे.

पावसाळ्याच्या तोंडीं बीं टाकून रोपें तयार करावयाचीं, मग तीं शेतांत लावावयाचीं, कळी दिसतांच शेंडा खुडावयाचा आणि बगलेंत येणारे फुटवे वरचेवर काढीत राहावयाचें, अशी या पिकाची रीत आहे. यामुळें झाडाची ताकद बियांकडे न जातां पानांत उतरते; पान जाड व चिकट होतें. हिंवाळ्याच्या अखेरीस पिकलेल्या पानावर तांबूस ठिपके उमटले कीं काढणी होते व माल उन्हांत वाळवितात. पाहावयास आलेला व्यापारी त्यांतून मूठभर पान उचलतो, तळहातावर चुरतो आणि हुंगतो. रंग एकसारखा आहे कीं काळवंडला आहे, पान पिकून वाळलें कीं हिरवेंच वाळलें, चुऱ्यांत माती व देठ किती, बोटांना चिकटपणा लागतो कीं नाहीं, वास नाकांत भरतो कीं नुसता झोंबतो, एवढें पाहण्यास त्याला फार वेळ लागत नाहीं. तेवढ्यांत मनांतल्या मनांत भाव ठरलेला असतो.

याच विद्येचें दुसरें टोंक समुद्रापार, क्यूबा बेटांतील हवाना शहरीं सांपडतें. तेथें चिरुटाचे दोन मोठे वर्ग मानतात. रुळासारखा सरळ व सारख्या जाडीचा तो एक; आणि ज्याला मुद्दाम आकार दिलेला असतो तो दुसरा. या दुसऱ्या वर्गांतील ‘पिरॅमिड’ पेटविण्याच्या बाजूस रुंद व ओढण्याच्या बाजूस टोकदार असतो. ‘परफेक्टो’ मृदंगाप्रमाणें मध्यें फुगीर व दोन्ही टोंकांना निमुळता असतो. ‘कुलेब्रा’ म्हणजे स्पॅनिश भाषेंत साप. तीन बारीक चिरूट ओलसर असतांनाच वेणीसारखे गुंफून तो करतात, आणि ओढतांना वेणी सोडवून एकेक वेगळा ओढतात.

असा चिरूट महाग पडतो तो केवळ डौलामुळें नव्हे. चिरुटाच्या पोटांत पानें लांबीनें मांडलेलीं असतात. त्यांवर बांधणीचें पान आणि त्यावर अखेरचें वेष्टण येतें. सरळ चिरुटांत पानें सारखीं पसरतां येतात. निमुळत्या टोंकाशीं तीं बेतानें कमी करावीं लागतात. किंचित् अधिक राहिलीं तर धूर अडतो, कमी पडलीं तर जळण भरभर होऊन धूर तापतो. म्हणून हें काम मुरलेल्या कारागिराकडेच देतात. चवींतहि फरक पडतो. परफेक्टो पेटतांना टोंक बारीक असल्यामुळें प्रथम वेष्टणाची चव पुढें येते. जळण मध्यभागाशीं आलें कीं पोटांतील मिश्रण बोलूं लागतें.

परीक्षक असा चिरूट आधीं डोळ्यांनीं पाहतो. मग दोन बोटांत हलकेच दाबून आंत गांठ वा पोकळी आहे काय, तें चांचपतो. न पेटवितां हुंगतो. टोंक कापून कोरडा झुरका घेतो. आणि मगच पेटवितो. धूर छातींत न घेतां तोंडांतच घोळवून सोडतो. राख घट्ट राहते कीं झडते, जळण एका अंगास पळतें काय, पहिल्या, मधल्या व शेवटच्या भागांत चव कशी पालटते, हें तो टिपून ठेवतो. राखेची ही परीक्षा वाङ्मयांतहि शिरली आहे: कॉनन डॉयलच्या १८८७ सालच्या कादंबरींत शेरलॉक होम्स जमिनीवर पडलेल्या राखेवरून त्रिचनापल्लीचा चिरूट ओळखतो.

आतां विडी पाहिली तर तीहि निमुळतीच असते. टेंभुर्णीचें पान भिजवून बेतशीर कापावयाचें, त्यांत चिमूटभर तंबाखू पसरावयाचा, तें वळून टोंक दुमडावयाचें व दोरा बांधावयाचा. पोटांत तंबाखू अधिक झाला तर धूर येथेंहि अडतो. निपाणीस आणि सोलापुरास हें काम मुख्यतः स्त्रिया करीत आल्या आहेत, आणि त्यांची मजुरी हजारावर मोजली जाते. जो आकार हवानांत किंमत वाढवितो, तोच येथें सर्वांत स्वस्त धूम्रपानाचा आकार आहे. सदोष म्हणून काढून टाकलेल्या विडीची मजुरी वळणारीच्या हिशेबांतून जाते. त्या वेळीं पारख करणारा मालकाचाच माणूस असतो.

चिरुटाचा परीक्षक चुकला तर एका चिरुटाचे पैसे वायां जातात. विडीच्या तंबाखूचा पारखी चुकला, किंवा चुकल्याचें सोंग त्यानें केलें, तर एका कुटुंबाचें वर्ष वायां जातें. तंबाखू हें घरीं खाऊन संपविण्याचें धान्य नव्हे, कीं गुरांपुढें टाकण्याची वैरण नव्हे. पावसाळी दमट हवेनें पान बिघडतें, म्हणून चांगल्या भावाची वाट पाहण्यासहि मर्यादा असते. शेतकऱ्याचें नाक व्यापाऱ्याच्या नाकाहून उणें नसतें. परंतु पारखणारा तोच घेणारा असल्यामुळें शेतकऱ्याच्या मताला सौद्यांत वजन राहत नाहीं.

हाच सल १९८१ सालीं निपाणीस उफाळून आला. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेच्या नेतृत्वाखालीं हजारों तंबाखू-उत्पादक रास्त भावासाठीं महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिल रोजीं पोलिसांनीं गोळीबार केला व त्यांत शेतकरी मृत्युमुखी पडले. सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूची गोष्ट निराळी झाली. त्यासाठीं १९७६ सालीं तंबाखू मंडळ स्थापन झालें, आणि १९८४ सालीं कर्नाटकांत त्याचे लिलाव सुरू झाले. तेथें गठ्ठा सर्वांसमोर मांडला जातो, प्रत ठरते आणि अनेक खरेदीदार बोली करतात. विडीच्या तंबाखूला ही व्यवस्था लाभली नाहीं.

हकिमाचा आक्षेप मात्र कोणत्याच प्रतवारींत उतरत नाहीं. धूर छातींत न घेतला तरी चिरूट ओढणाऱ्यास तोंडाचा व घशाचा कर्करोग गांठूं शकतो. विडी सिगारेटहून सौम्य, ही समजूत खोटी ठरली आहे. विडी वळणारीच्या फुप्फुसांत तर एकहि झुरका न घेतां तंबाखूची धूळ जाते. या कारणानें जो शेतकरी हें पीक सोडून दुसऱ्या पिकाकडे वळतो, त्याचें चुकतें असें कोणी म्हणणार नाहीं.

परंतु पीक बदललें म्हणून पारख सुटत नाहीं. कोल्हापूरच्या पेठेंत गुळाच्या रव्याचा सौदा होतो तेव्हांहि रंग, कणी व चव पाहूनच भाव निघतो. तंबाखू असो वा गूळ, पारख दोघांच्या देखत व्हावी. प्रत व वजन तेथल्या तेथें कागदावर उतरावें. आणि ज्या मुठीवरून भाव ठरला, तशीच एक मूठ नमुना म्हणून पिकविणाऱ्याच्या घरींहि राहावी.