आठवीनंतरची शाळा

गटाच्या बैठकीत आपला एक प्रश्न नेहमी निघतो: अमुक गोष्ट देवाधर्माची आहे, की नुसती चालत आलेली रीत? आज याच प्रश्नाशी पाचशे वर्षं झगडणाऱ्या लोकांबद्दल बोलू.

1525 साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात काही ख्रिस्ती मंडळी म्हणाली, तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देऊन काय उपयोग? त्याला काय कळतं? मोठं झाल्यावर माणसानं स्वतःच्या तोंडानं हो म्हणावं. एवढ्याशा गोष्टीसाठी 1527 मध्ये त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला नदीत बुडवून मारलं. पुढे कितीतरी बायांनीही या मतापायी जीव दिला. या लोकांना ॲनाबाप्टिस्ट, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा घेणारे, असं नाव पडलं. मेनोनाइट आणि आमिश हे त्यांच्यातलेच.

अमेरिकेतल्या आमिश बाया साधे, एकरंगी कपडे आणि डोक्यावर टोपी घालतात. गाडीऐवजी घोड्याची बग्गी. आपल्याला वाटतं, जुन्याला चिकटून बसलेले लोक. पण तसं नाही. नवी वस्तू आली की ते विचारतात, यानं आपलं एकमेकांकडे जाणं-येणं तुटेल का? म्हणून टेलिफोन घरात नको म्हणाले, पण पुष्कळ ठिकाणी शेताच्या कडेला छोट्या खोपटात ठेवला. कामापुरता बोला, गप्पा मारायच्या तर घरी जा! आम्हाला हे ऐकून हसू आलं, आणि मग हातातल्या मोबाईलकडे बघून जरा गप्पही झालो. वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या आधी, बाप्तिस्मा घेतलेले सगळे बाया-पुरुष या नियमांना संमती देतात. धर्मसेवक निवडताना नावं सुचवायचा हक्क बायांनाही असतो. मात्र त्या स्वतः धर्मसेवक होत नाहीत.

टोपी हा धर्म म्हणावा, तर धमतरीकडे बघा. छत्तीसगडमधलं हे गाव. 1899 मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकेतले मेनोनाइट मिशनरी तिथे आले. आज तिथल्या मेनोनाइट बाया साडी नेसतात. श्रद्धा तीच, कापड वेगळं.

आता आम्हाला खटकणारी गोष्ट. आमिश मुलांची शाळा आठवीला थांबते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मुलांना पुढे शाळेत पाठवलं नाही म्हणून तीन बापांना पाच-पाच डॉलर दंड झाला. खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि 1972 मध्ये आईबापांच्या श्रद्धेच्या बाजूनं निकाल लागला. शेती, घरकाम, शेजारधर्म हे शिक्षण घरीच मिळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात तथ्य नाही असं नाही. आपल्यापैकी कितीजणी पेरणीचं गणित आईकडून शिकल्या.

पण न्यायमूर्ती डग्लस यांनी वेगळं मत लिहिलं. त्या तीन घरांतल्या एकाच मुलीनं न्यायालयात स्वतःचं म्हणणं सांगितलं होतं. तिचं ठीक, ते म्हणाले. पण बाकीच्या दोन मुलांना कुणी विचारलं का?

आम्ही डग्लस यांच्या बाजूच्या. बाळाचा बाप्तिस्मा नको, कारण त्याला विचारलेलं नसतं, असं म्हणत ज्यांचे पूर्वज मेले, त्यांच्याच घरात चौदा वर्षांच्या पोरीची शाळा तिला न विचारता सुटावी? आपल्या गावातही आठवीनंतर एसटीनं जावं लागतं म्हणून पोरी घरी बसतात. या बैठकीत त्या पोरींनाच बोलवा, आणि आधी त्यांना बोलू द्या.