माती खाणारं लेकरू



बालरोगतज्ज्ञाला सभेचा अध्यक्ष केलं की तो साथीच्या तापावर बोलेल, असं संयोजकांना वाटलं असावं. मी खोड्यांवर बोलणार आहे. तपासणी उरकते, औषधाची चिठ्ठी हातात पडते आणि दाराशी थांबून आई हळूच म्हणते, "डॉक्टर, हे पोट्टं भिंतीचे पोपडे खाते." ती खरं तर एवढंच सांगायला आलेली असते.

दोन वर्षांच्या आतलं मूल सगळंच तोंडात घालतं, ते सोडून द्या. पण त्यानंतरही माती, खडू, राख खाणं सुटत नसेल, तर हात उगारण्याआधी त्याची पापणी उलटून बघा. आतून फिकट दिसली तर पहिला संशय लोहाच्या कमतरतेवर घ्यायचा. तशी ती नसेलच असं समजू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची 68.9 टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. मातीतून पोटात जंत जातात, ते वेगळंच. लोहाचं औषध सुरू झालं की पुष्कळ मुलांची माती मारल्यावाचून सुटते. अंगणवाडीतलं लोहाचं औषध आणि शाळेतली गुलाबी गोळी यासाठीच असते. ती "कडू लागते" म्हणून खिडकीबाहेर जाते, हे इथं बसलेल्या गुरुजींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आणि लहान मुलांना चहा-पोळी देणं थांबवा. जेवणासोबतचा चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही.

तोच चहा संध्याकाळी घेतला की रात्री लघवी जास्त होते. अंथरूण ओलं करणं पाचव्या वर्षी सहा-सात मुलांमागे एकात तरी दिसतं. पुष्कळदा बापालाही लहानपणी तेच झालेलं असतं. आजीला विचारा, ती हसत सांगेल. मूल हे झोपेत करतं, मुद्दाम करत नाही. ओली गोधडी चारचौघांत दाखवून लाजवणाऱ्या घरात हा त्रास लांबतो. मात्र सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, तर लघवी तपासा आणि घरात काय घडलं तेही विचारा.

हट्टाचं गणित निराळं आहे. नऊ वेळा नाही म्हणून दहाव्यांदा मोबाईल हातात दिला, की मूल दहा वेळा रडायला शिकतं. देणं बंद केलं की पहिले काही दिवस रडणं उलट वाढतं, आणि नेमकं तिथंच घर माघार घेतं. आई नाही म्हणते, आजोबा गुपचूप देतात. मग दोष कुणाला द्यायचा? तरी आजी-आजोबांना नावं ठेवू नका. आपल्या जिल्ह्यातल्या कित्येक तांड्यांवरून आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि लेकरू म्हातारीजवळ राहतं. वर्गात तेच पोरगं मारामारी करतं, गृहपाठ करत नाही. त्याला उपद्रवी ठरवण्याआधी त्याची माय कुठं आहे, हे हजेरी घेताना विचारून घ्यावं.

छडीबद्दल थोडक्यात. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे. "तुझ्या डोक्यात शेण भरलंय" हे वाक्यसुद्धा त्यात येतं. कायदा नसता तरी मी छडीच्या विरोधातच असतो, कारण मार खाल्लेलं मूल खोड सोडत नाही, ती लपवायला शिकतं.

शेवटी एक मागणं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी "हे लई वांड आहे, डॉक्टरांसमोर नको" म्हणून ज्या मुलाला घरी ठेवलं जातं, त्यालाच सर्वांत आधी बोलावून आणा. उशिरा बोलणारं, माती खाणारं, एका जागी न बसणारं, कुणाशी नजर न मिळवणारं, ज्याचं नाव तुम्हाला आत्ता आठवलं ते मूल. त्याला रांगेत पहिलं उभं करा.