काचेवरचा कण आणि हाताची घाई

मावळातल्या सुदुंबऱ्याला संत संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे हे टाळकरी. त्यांच्या पुण्यतिथीला तिथे दिंड्या येतात, आणि आता दिंडीबरोबर दोन-चार कॅमेरेही असतातच. थंडीतलं निळं आकाश आणि त्यावर भगवी पताका, असा फोटो कुणीही हौसेनं काढेल. घरी येऊन तो संगणकावर मोठा करून पाहिला की कधी कधी त्या निळ्या आकाशात एक करडा ठिपका दिसतो, कडा विरलेल्या, जणू कुणी शिसपेन्सिलीचं टोक टेकवून ठेवलंय. घार असेल म्हणावं, तर पुढच्या फोटोतही तो नेमका त्याच जागी. मग माणूस लेन्स पुसतो, पुन्हा पुसतो, ठिपका काही हलत नाही. कारण तो लेन्सवर नसतोच. तो असतो कॅमेऱ्याच्या पोटात, सेन्सरसमोरच्या काचेवर. हा ठिपका सुरक्षितपणे कसा काढायचा, याबद्दल आज बोलायचं आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो: कॅमेऱ्याचं खरं नुकसान त्या कणानं क्वचितच होतं, ते होतं कण काढायच्या घाईत. म्हणून काचेला स्पर्श करण्याची पाळी अगदी शेवटी यायला हवी.

आधी हा ठिपका दिसतो कसा ते समजून घेऊ. सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी आयताकृती चिप. फुल-फ्रेम कॅमेऱ्यात ती साधारण ३६ बाय २४ मिलिमीटरची असते. तिच्यावर थेट धूळ बसत नाही. तिच्यापुढे काचेच्या गाळण्यांचा पातळ थर असतो आणि धूळ त्या थरावर बसते, म्हणजे सेन्सरपासून किंचित दूर. हे किंचित अंतरच सगळा खेळ करतं. हिशेबासाठी ते एक मिलिमीटर धरू आणि कण धरू ५० मायक्रॉनचा, केसाच्या जाडीहून थोडा बारीक. अपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, एफ २.८ वर उघडं असेल तर सेन्सरच्या एकेका बिंदूकडे येणारा प्रकाशाचा शंकू त्या काचेपाशी सुमारे ३६० मायक्रॉन रुंद असतो. त्यातला आपला कण अडवतो जेमतेम दोन टक्के प्रकाश, आणि डोळ्याला ते कळतही नाही. तेच अपर्चर एफ २२ पर्यंत आवळलं की शंकू ४५ मायक्रॉनवर येतो, म्हणजे कणाहूनही अरुंद. आता कण त्या बिंदूचा सगळा प्रकाश अडवतो आणि आकाशात डाग उमटतो. म्हणूनच लग्नात अपर्चर उघडं ठेवून काढलेले चेहरे निर्मळ येतात आणि लोणावळ्याच्या कड्यावरून एफ १६ ला टिपलेल्या दरीवरचं आकाश ठिपक्यांनी भरतं. कॅमेरा तोच, धूळही तीच.

या हिशेबातूनच तपासणीची रीत निघते. एफ २२ लावा, आयएसओ कमीत कमी ठेवा, फोकस हाताने पूर्ण बिघडवा आणि मोकळ्या आकाशाचा किंवा कोऱ्या भिंतीचा एक फोटो काढा. तो संगणकावर पूर्ण मोठा करून कोपऱ्या-कोपऱ्यानं पाहा. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. लेन्स प्रतिमा उलटी पाडते, त्यामुळे फोटोत वर डावीकडे दिसणारा डाग, कॅमेऱ्याच्या तोंडातून सेन्सरकडे पाहताना खाली डावीकडे असतो. वर-खाली बदलतं, डावं-उजवं बदलत नाही. हे ठाऊक नसेल तर माणूस चुकीचा कोपरा साफ करत बसतो. आणि या फोटोत काही दिसलं नाही, तर विषय तिथेच संपवायचा. वेळापत्रक लावून सेन्सर पुसण्यात काहीच शहाणपण नाही.

आता धूळ कसली आहे ते पाहू, कारण मावळातली धूळ काही साधी नाही. सुदुंबऱ्याजवळच्या तळेगाव-चाकण रस्त्यावर दिवसभर मालट्रक धावतात. त्यांच्या चाकांखाली भरडली जाते ती खडी आणि माती, आणि ती आहे दख्खनच्या काळ्या बेसाल्टची. या पाषाणातल्या फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन या खनिजांचा कठीणपणा मोह्जच्या मोजपट्टीवर साधारण साडेपाच ते साडेसहाच्या घरात येतो. साधी काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे रस्त्यावरचा हा कण काचेच्या बरोबरीचा, कधी तिच्याहून कठीण. दिवाळीच्या सुमारास भाताची झोडणी सुरू झाली की हवेत तूस उडतं, आणि भाताच्या तुसात सिलिका भरपूर असते. असा कण नुसता बसलेला असेल तेव्हा निरुपद्रवी आहे. पण त्याच्यावर कापड किंवा कापसाची काडी दाबून फिरवली की तोच कण पॉलिश पेपरचं काम करतो. काचेवरचे लेप तर काचेहूनही नाजूक. ‘काचच आहे, तिला काय होतंय’ असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर एवढंच: काच मजबूत आहे हे खरं, पण तुम्ही तिच्यावर काच फिरवत नाही, दगड फिरवता.

म्हणून पहिली पायरी हवेची. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत पुढची काच अतिशय वेगानं थरथरवून धूळ झटकायची सोय असते. ऑलिम्पसच्या ई-१ या कॅमेऱ्यात ती २००३ साली आली, कॅननच्या ४००डी मध्ये २००६ साली. सुटी, कोरडी धूळ तिनं बरीचशी पडते, तेव्हा आधी ती दोन-चार वेळा चालवावी. तरी डाग राहिला तर रबरी फुग्याचा ब्लोअर. कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण भरलेली हवी. मेनूमधला हाताने साफ करायचा पर्याय निवडावा, म्हणजे आरसा असेल तर तो वर आणि शटर उघडं राहतं. काही जण बल्ब मोडवर बटण दाबून धरतात. बोट निसटलं की शटरचा नाजूक पडदा थेट आतल्या वस्तूवर आदळतो, म्हणून हे करूच नये. खोलीतला पंखा बंद करावा. मे महिन्यात ते जिवावर येतं खरं, पण चालू पंख्याखाली कॅमेरा उघडणं म्हणजे झाडताना ताट वाढून ठेवणं. फरशी ओल्या फडक्यानं पुसून घेतलेली असावी. ब्लोअर आधी बाहेर आठ-दहा वेळा दाबावा, कारण नव्या रबराच्या आत कधी पावडर असते. मग कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून हवा मारावी आणि नळीचं टोक आत घालू नये. तोंड खाली असलं की सुटलेला कण पुन्हा काचेवर न बसता बाहेर पडतो.

हवा मारायचीच आहे तर जोरात का नको, असा प्रश्न येईल. रस्त्याकडेच्या पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसर आहे, पाइप लावला की काम फत्ते. पण त्या टाकीतल्या हवेबरोबर पाण्याचे आणि तेलाचे थेंब येतात, आणि त्या दाबानं शटरची पाती वाकू शकतात. डब्यात मिळणारी दाबाची हवाही नको, कारण डबा कलता झाला की आतला द्रव फवाऱ्यासारखा बाहेर येऊन काचेवर डाग पाडतो. तोंडानं फुंकर मारली तर थुंकीचे बारीक तुषार जातात आणि वाळून धुळीपेक्षा चिवट होतात.

बहुतेक वेळा काम इथेच संपतं. जे संपत नाही ते चिकटलेलं असतं: दमट हवेत वाळलेला थेंब, परागकण किंवा शटरच्या वंगणाचा सूक्ष्म शिंतोडा. संताजी महाराजांच्या घराण्याचा धंदा तेलाचा. घाण्यावरच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही की तेलात बसलेली धूळ फुंकरीनं जात नाही. त्यासाठी ओली सफाई, आणि तीही हवेनं सुटे कण काढून झाल्यावरच. सेन्सरच्या उंचीइतक्या रुंदीचा बंद पाकिटातला स्वॅब, म्हणजे कापड लावलेली सपाट काडी, घ्यावा, फुल-फ्रेमला २४ मिलिमीटरचा, लहान एपीएस-सी सेन्सरला १६ चा. त्याच्या कडेवर सेन्सरसाठीच्या द्रवाचे एक किंवा दोन थेंब, जास्त नाही. थोडं थांबावं, म्हणजे द्रव कापडात मुरतो. मग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच सलग फिरवणं, दाब शाईच्या पेनानं कागदावर रेघ ओढताना असतो तेवढाच. स्वॅब उलटवून कोऱ्या बाजूनं तसंच परत यावं आणि तो स्वॅब टाकून द्यावा. महाग वाटतो म्हणून पुन्हा वापरला, तर पहिल्या फेरीत उचललेली खडी दुसऱ्या फेरीत काचेवर ओढली जाते. ज्या कॅमेऱ्यात हादरे झेलण्यासाठी सेन्सर तरंगता असतो, तिथे दाब आणखी हलका हवा. घरातलं सॅनिटायझर इथे चालत नाही, त्यातलं ग्लिसरीन मागे थर ठेवतं. सेन्सरच्या अनेक द्रवांत मिथेनॉल असतं. ते विषारी आणि पेट घेणारं आहे, तेव्हा मुलांपासून आणि देवघरातल्या समईपासून दूर ठेवा. वारीत कॅमेरा नेणाऱ्यांसाठी एक इशारा: गुलालाचा कण काचेवर असेल तर त्यावर थेट द्रव लावू नका. रंग सुटतो आणि एका ठिपक्याची लाल रेघ होते. तो हवेनंच काढायचा, न निघाला तर जाणकाराकडे न्यायचा.

इथे जाणकार श्रोते दोन आक्षेप घेतील. पहिला असा की सॉफ्टवेअरमध्ये ठिपका एका क्लिकनं जातो, मग एवढा खटाटोप कशाला? एखाद-दुसऱ्या फोटोपुरतं ते ठीकच आहे. पण अपर्चर आवळून काढलेल्या लग्नाच्या आठशे फोटोंत तोच ठिपका कधी आकाशावर येतो, कधी नवरीच्या शालूच्या जरीवर, आणि जरीवर भरलेला तुकडा ओळखू येतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे: हे काम कंपनीच्या सेवा केंद्राचं, सामान्य माणसानं हात घालू नये. ओल्या सफाईपुरतं मी हे बरंचसं मानतो. हात थरथरत असेल, कॅमेरा वॉरंटीत असेल, तर केंद्रातच द्यावा. काही दोष तर घरी सुटतच नाहीत. निकॉनच्या २०१२ साली आलेल्या डी६०० मध्ये सेन्सरवर पुन्हा पुन्हा डाग येत, आणि २०१४ साली कंपनीनं स्वतः त्याची तपासणी, सफाई आणि शटर बदलून देण्याची सोय केली. तिथे वापरणाऱ्यानं कितीही स्वॅब खर्चले असते तरी उपयोग नव्हता. पण तपासणीचा फोटो, कॅमेऱ्याची थरथर आणि ब्लोअर यांत काचेला कशाचाच स्पर्श होत नाही. एवढ्यासाठी दर वेळी पुण्याला जायला लावणं आणि त्या भीतीनं माणसानं लेन्स बदलणंच सोडून देणं, हे मला पटत नाही.

ओली सफाई झाली की पुन्हा तोच फोटो, एफ २२ ला, त्याच भिंतीचा. आधीच्या फोटोशेजारी ठेवून पाहा. कडेला नवीन रेघ दिसली तर थेंब जास्त झाले होते, दुसऱ्या कोऱ्या स्वॅबनं ती जाईल. एखादा ठिपका सरकला असेल तर तो सुटलाय, आता ब्लोअर पुरेल. आणि दोन स्वॅबनंतरही एखादा डाग त्याच जागी, त्याच आकारात तसाच असेल, तर तो बहुधा काचेच्या खाली आहे किंवा ओरखडा आहे. तिसरं पाकीट फोडू नका. कॅमेऱ्याला टोपण लावा, डागाची जागा कागदावर लिहा आणि तो कागद कॅमेऱ्याबरोबर सेवा केंद्रात द्या.